डोळ्यांचा खाना एकच

माणसाला डोळे दोन असतात, हे मी बत्तीस वर्षं कागदाला समजावत होतो. कागदानं ऐकलं नाही. माणसांनीही ऐकलं नाही, पण माणसांचं सोडा, ती कुणाचंच ऐकत नाहीत. निवृत्त होऊन आता दाना ओली या आमच्या गल्लीत ओट्यावर बसतो, तरी अजून कुणी समोर आलं की आधी त्याच्या डोळ्यांत बघतो. ओळखीची माणसं हल्ली रस्ता बदलून जातात.

मी रिसाल्याच्या दप्तरात चेहरे लिहीत असे. हे ऐकून पुण्याच्या एका पाहुण्यानं मला तसबीर काढायला बसवलं होतं, म्हणून खुलासा करतो. घोडदळात सवार भरती झाला की त्याचं वर्णन एका पानावर लिहून ठेवायचं: नाव, बापाचं नाव, उंची, वर्ण, नाक, डोळे, ओळखीची खूण. या पानाला चेहरा म्हणत. त्याच्या घोड्याचाही असाच चेहरा. दसऱ्याच्या हजेरीला माणूस, घोडा आणि पान तिघांना एका ठिकाणी उभं करायचं आणि जुळतात का बघायचं.

हे नसतं तर काय झालं असतं म्हणता? अहो, असून काय होत होतं ते ऐका. एक सवार उज्जैनला मेव्हण्याच्या लग्नात लाडू खात होता आणि हजेरीत त्याच्या जागी त्याचा चुलता उभा होता, नाकाशिवाय काही जुळत नव्हतं. घोड्यांचं तर विचारूच नका. एका दसऱ्याला कोळशासारखा काळा घोडा माझ्यापुढे आणला. पानाशी केस न् केस जुळला. इतक्यात तोफांची सलामी सुरू झाली, घोड्याला घाम फुटला आणि काळा रंग पोटावरून ओघळून खुरांशी साचला. आतून पांढरा घोडा निघाला! आणखी दोन तोफा झाल्या असत्या तर त्याच्याही आतून बैल निघाला असता, असं मी आजही शपथेवर सांगतो.

पण माझा जीव खाल्ला तो पानावरच्या एका खान्यानं. डोळे.

रंगरूट समोर उभा राहिला की पायांकडे बघणार. "वर बघ" म्हटलं की छताकडे बघणार. मग मला फक्त पांढरं दिसणार. "डोळे कोणत्या रंगाचे?" असं विचारलं तर भिंडकडचा गडी म्हणणार, "जो सरकार लिख दें." एकानं तर हात जोडून सांगितलं, "पंतजी, घरसे तो दोनों काले लेके चले थे." सगळ्यांचे डोळे काळे! मी नवा होतो, हौशी होतो. मी लिहायचो: काकवीसारखे, भिजवलेल्या चिंचेसारखे, जुन्या तुपासारखे. आमचे शिरस्तेदार बापूसाहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "पंत, इथं स्वयंपाक चाललाय का? काळे लिहा आणि पुढचा बोलवा."

डोळ्यांचा रंग घरात कसा चालत येतो, ते मला घरीच कळलं होतं. आम्ही कोकणातून आलेले. माझी आई घारी, मी काळा, माझी बायको काळी आणि आमची थोरली मुलगी पुन्हा घारी, आजीचे डोळे थेट नातीला. मधल्या पिढीत तो रंग कुठे मुक्कामाला होता कोण जाणे! आमच्याकडे त्या दिवशी पेढे वाटले. "आजी आली हो!" म्हणून शेजारपाजार बघायला लोटला. हे पेढे लक्षात ठेवा.

मी लागून दोन महिने झाले असतील. भरतीला येसाजी नावाचा गडी आला. उंच, देखणा. बोलताना उजवा कान पुढे करून ऐकायचा. "वर बघ" म्हटलं आणि हा बहाद्दर खरंच वर, माझ्याकडे बघता झाला. मी लेखणी खाली ठेवली. उजवा डोळा काळाभोर आणि डावा माजरा, म्हणजे मांजराचा असतो तसा निळसर. एकाच माणसाच्या दोन खिडक्यांतून दोन वेगळे लोक बघताहेत असं वाटलं. मी आनंदानं लिहायला घेतलं, तेवढ्यात बापूसाहेब मागून आले.

"काय लिहिता?"

"उजवा काळा, डावा माजरा."

"खाना किती?"

"एक."

"मग रंग किती?"

शिवाय घोडदळाची एक खास पंचाईत. ज्या घोड्याचा एक डोळा काळा आणि एक पांढुरका, त्याला ताखी म्हणतात. ताखी घोडा धन्याला खातो, अशी पक्की समजूत. तसलं जनावर रिसाल्यात ठेवत नाहीत. बापूसाहेब म्हणाले, "घोडा ताखी चालत नाही, तिथं सवार चालेल? रिसालदारांनी हे पान वाचलं तर याला आल्या पावली परत पाठवतील."

येसाजीनं ते ऐकलं. "पंत, काळे लिवा," म्हणाला. "मी खाली बघून वागीन."

मी काळे लिहिलं. दया म्हणा, भीती म्हणा, नव्या नोकरीची लाज म्हणा. लिहिलं हे खरं. ओळखीच्या खुणेचा खाना मात्र मोठा होता आणि बापूसाहेबांना तो भरगच्च लागायचा. येसाजीनं साफा सारखा करायला उचलला तेव्हा दिसलं ते मी जसंच्या तसं उतरवलं: कपाळाच्या वर मधोमध, बोटभर रुंद, पांढऱ्या केसांची बट.

चार वर्षांत प्लेगनं येसाजीला नेलं, मागोमाग त्याच्या बायकोला. पाळण्यातलं पोर मामा साताऱ्याकडे घेऊन गेला. ते पोर म्हणजे हैबतराव. अठराव्या वर्षी बापाच्या जागेवर हक्क सांगत लष्करात आला आणि पुढे दफेदार, म्हणजे घोडदळातला हवालदार, झाला. त्याचा चेहराही मीच लिहिला. डोळे काळे, आणि या खेपेला खरोखरच काळे. खूण: डाव्या गालावर तीळ. नियमाप्रमाणे साफा उतरवून डोकं तपासायला हवं होतं. पण मराठा गड्याचा साफा उतरतो तो सुतकात. भर दप्तरात चारचौघांत "साफा काढ" म्हणणं म्हणजे त्याच्या घरात कुणी मेलं असं म्हणणं. बत्तीस वर्षांत मी एकाही मराठ्याला ते म्हटलं नाही. येसाजीची बट दिसली ती नशिबानं.

आता रिसाल्यात एक रीत होती. दफेदाराला मुलगा झाला की दसऱ्याच्या हजेरीपूर्वी त्याचं नाव बापाच्या पानावर चढवायचं. चढलं की तो घरचा, पुढे बापाच्या जागेचा हक्कदार. नाही चढलं, तर लोक काय समजायचं ते समजत.

त्या वर्षी दसऱ्याला चार दिवस होते. दुपारी मी आणि करीमबक्ष सलोत्री भांडत बसलो होतो. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. करीमबक्ष रिसाल्यातला सगळ्यांत म्हातारा प्राणी, घोडे धरून. चांदणी नावाच्या घोडीला शिंगरू झालं होतं, एक डोळा निळा. मी पानावर ताखी लिहिणार, मग ते विकलं जाणार आणि म्हातारा मला लिहू देत नव्हता.

"ताखी नहीं है, पंतजी. माँ का माथा देखो."

"माथ्याचं काय इथे? डोळ्याचा खाना आहे हा!"

एवढ्यात हैबतराव आत आला. बाहेर टांगा उभा राहिल्याचा आवाज मी ऐकला होता. तो उजवा कान माझ्याकडे करून बसला, कारण त्यालाही डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. तोफांमुळे, असं आम्ही समजत होतो.

"पंत, मला मुलगा झालाय. दोन महिने झाले."

"अरे वा! पेढे कुठेत?"

"तो माझ्या पानावर चढवायचा नाही. तेवढं सांगायला आलो. बायकोला गाडीत बसवायला निघालोय. ती आता माहेरीच राहील."

मी काही बोलण्याआधी दारात तुळसा उभी राहिली, हैबतरावाची बायको. काखेत पोर, मागे टांगेवाला ट्रंक सांभाळत. पदर डोक्यावर होता, पण मान खाली नव्हती.

"काय कारण, तेबी सांगा की पंतांना," ती म्हणाली. "अर्धंच सांगताय."

तिनं कुंचीची नाडी सोडून पोराचं तोंड माझ्याकडे वळवलं. पोरानं माझ्याकडे बघितलं. उजवा काळा. डावा माजरा.

काय सांगू? पंचवीसेक वर्षांपूर्वी ज्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं होतं, तोच डोळा. मी इतका खूश झालो की टेबलावर थाप मारली. दौत कलंडली. "अरे, येसाजी! हा तर तुझा बाप आहे, हैबत! तुझ्या बापाचा डोळा अस्साच होता!"

हैबतरावानं दौत सरळ केली. "माझ्या बापाला मी बघितलं नाही. मामाही आईच्या लग्नानंतर बापाला दोनदाच भेटले होते, तेही त्याच्या मान खाली घालायच्या सवयीबद्दलच सांगायचे. तुम्ही म्हणताय, त्याला असा डोळा होता?"

"मी स्वतः बघितलाय!"

"पंत," तो म्हणाला, "गेल्या शिमग्याला तुम्ही सगळ्या रिसाल्याला सांगितलं की दाना ओलीतल्या तुमच्या मांजरीनं किल्ल्यावरचा बिबट्या दाल बाजारापर्यंत पळवत आणला."

"ते वेगळं..."

"त्याच्या आधी तुमच्या घोड्यातून बैल निघणार होता."

"निघणारच होता!"

"तुमच्या तोंडावर मी बायको ठेवू? बापाचा चेहरा काढा. सरकारी पानावर असेल तर मानतो. आत्ता, इथं, मानतो."

बघा माझी दशा! जन्मभर थापा मारल्या, त्या लोकांनी आवडीनं ऐकल्या. एकदा खरं बोललो, तर पुरावा मागतात. आणि पुरावा माझ्याच अक्षरात होता. मी कपाटापाशी किती वेळ उभा राहिलो असेन देव जाणे. येसाजीचं पान हाताला लगेच लागलं होतं. दुसरेच बस्ते चाळण्याचं नाटक चाललं होतं. शेवटी तुळसाच म्हणाली, "काढा की. गाडी चुकंल."

मी पान टेबलावर ठेवलं. हैबतरावानं डोळ्यांच्या खान्यावर बोट ठेवून वाचलं. "काळे."

"ते मी खोटं लिहिलं," मी म्हणालो. "खाना एकच होता."

हैबतरावानं माझ्याकडे असं बघितलं, की बापूसाहेब बरे. "म्हणजे तेव्हा खोटं लिहिलं आणि आता खरं बोलताय. का तेव्हा खरं लिहिलं आणि आता तिची दया येऊन खोटं बोलताय? पंत, मी कुठला पंत खरा धरू?"

मी तुळसाकडे बघितलं. ती रडत नव्हती. पोराची नाडी पुन्हा बांधत होती, गाठ बसत नव्हती.

तेव्हा करीमबक्षनं पान स्वतःकडे ओढलं. त्याला मोडी वाचता यायची नाही. "निशानी के खाने में क्या लिखा है, पढ़ो."

"करीमबक्ष, घोड्याचं भांडण मग करू..."

"पढ़ो तो सही!"

मी वाचलं. "कपाळाच्या वर मधोमध, बोटभर रुंद, पांढऱ्या केसांची बट."

म्हातारा मांडीवर हात मारून हसला. "घंटेभर से यही तो कह रहा हूँ! चांदणीच्या माथ्यावर पांढरा टीका है. तिच्या आईलाही था. टीका छोटा रहा, तो माथे पर रहता है. मोठा झाला की नीचे उतरतो. नाकावर उतरला तो नाक गुलाबी, आँख में उतरला तो आँख निळी. वो ताखी नाही, पंतजी. वो माँ का टीका है, डोळ्यात उतरलाय. चालीस बरस से बछेड़े निकाल रहा हूँ. किसी को टीका, किसी को आँख, किसी को दोनों. घर एकच."

मी हैबतरावाला समजावायला वळलो आणि थांबलो. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. हात साफ्याकडे गेला होता आणि तिथंच थबकला होता.

दारात तुळसा एकदाच हसली. नाकातून, फुस्सदिशी.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी नाय सांगणार," ती म्हणाली. "मला शपथ घातलीया. लगीन झाल्यापास्नं दर मंगळवारी काजळ आन् तेल मीच चोळतीया, तरी नाय सांगणार. ट्रंक भरून निघाले तरी सांगितलं नाय. त्यांचं त्यांनी उतरवावं."

तेव्हा माझ्या जाड डोक्यात उजेड पडला. हा गडी पांढरी बट साफ्याखाली आणि काजळाखाली लपवत होता, लहानपणी विषमज्वरानं केस पिकले असं समजून, लोक म्हातारा म्हणतील या लाजेनं. हे पुढे त्यानंच सांगितलं. आणि नियमाप्रमाणे साफा उतरवायला मी सांगितलं असतं, तर ती बट त्याच्या पानावर असती. बाप आणि लेक यांची दोन्ही पानं मीच लिहिली, आणि दोन्हींमध्ये मीच माती केली.

"हैबत," मी म्हणालो, "साफा काढ."

"साफा सुतकात उतरतो, पंत."

"तुझा बाप गेला तेव्हा तू पाळण्यात होतास. तुझा साफा त्याच्यासाठी कधी उतरलाच नाही. आज उतरव."

टांगेवाल्यानं ट्रंक खाली ठेवली. हैबतरावानं दोन्ही हातांनी साफा काढून मांडीवर ठेवला. काजळ होतं, पण मंगळवार होऊन सहा दिवस झाले होते. मुळाशी बोटभर रुंद पांढरा पट्टा स्वच्छ दिसत होता. तुळसानं पुढे होऊन पोराची कुंची मागे सारली. टाळूच्या पुढे, मऊ जावळात, पांढरा पुंजका. तो घरातल्यांनी राख लागली असेल म्हणून पुसून पुसून शेवटी सोडून दिला होता.

बापानं त्या पुंजक्यावर बोट टेकवलं. मग हैबतराव म्हणाला, "पंत, याचं नाव येसाजी लिहा."

मी लिहिणार, तेवढ्यात तुळसा म्हणाली, "थांबा. आधी जुनं दुरुस्त करा."

मी येसाजीच्या पानावर 'काळे' हा शब्द खोडला. समासात लिहिलं: उजवा काळा, डावा माजरा, पूर्वीची नोंद माझ्या हातून जाणूनबुजून खोटी झाली. खाली सही. मग नव्या येसाजीचं नाव चढवलं.

निघताना तुळसा टेबलाजवळ थांबली. "पंत, दोन महिने मी घसा फोडून सांगत होते, पोर यांचंच हाय. घरात कुणी मान वर केली नाय. जुनं पान बोललं, म्हातारबा बोलले, तवा मी खरी झाले. बरं झालं. पण मी तवाबी खरीच हुते." आणि टांग्यात जाऊन बसली. टांगा स्टेशनाकडे न जाता घराकडे वळला. हैबतराव डोकं उघडं ठेवून चालत मागोमाग गेला. रस्त्यात तीन जणांनी त्याला कोण गेलं म्हणून विचारलं, असं कळलं.

बापूसाहेबांनी खोट्या नोंदीबद्दल मला वर्षभर नुसत्या घोड्यांच्या दप्तरात टाकलं. शिक्षा म्हणून! घोड्यांना डोळ्यांचा रंग विचारला तर ते सरळ आपल्याकडे बघतात. चांदणीच्या शिंगराच्या पानावर मी ताखी लिहिलं नाही. लिहिलं: आईचा टीका डोळ्यात उतरलेला. बापूसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाचलं आणि सही केली.

पुढे एका शिकलेल्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, काही घराण्यांत बट, डोळा आणि कानाचा मंदपणा असे एकत्र चालत येतात, प्रत्येकाच्या वाट्याला सगळं येत नाही. पण पुष्कळदा असा डोळा घरात पूर्वी कुणालाच नसताना, एकाएकीही येतो. ते ऐकून मला घाम फुटला. म्हणजे येसाजीच्या पानावर बट लिहिलीच नसती, हैबतरावाच्या डोक्यावर ती नसतीच, तर? तरीही तुळसा खरीच होती. फक्त सिद्ध करायला जगात कुणी नव्हतं. आमच्या घरी घारी मुलगी झाली तेव्हा कुणी पान मागितलं नाही. पेढे मागितले. एवढाच फरक, आणि तो आठवला की मला अजून तिडीक येते.

आता शेवटचं. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत भरतीला जोर आला तेव्हा तुळसाचा निरोप आला: नातवासारखा आहे तुमचा, भरतीच्या दिवशी या. गेलो. माझ्या टेबलाशी नवा कारकून, अंगात कोट, मान खाली. पुढे येसाजी, सहा फूट उंच. बापासारखाच उजवा कान पुढे. साफ्याखालून बट बाहेर डोकावत होती आणि त्यानं ती लपवली नव्हती.

"डोळे?" कारकुनानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लेखणी टेकवली. काळे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे झेपावलो, तर येसाजी मलाच आवरू लागला. "जाऊ द्या आजोबा, लिहून राहिलेत तर लिहू द्या. भरती झाली की झालं." थोरल्या येसाजीचंच वाक्य! न पाहिलेल्या आजोबाचं वाक्यसुद्धा रक्तातून येतं की काय?

मागून तुळसा पुढे आली. केस पिकले होते, सगळेच, नीट. तिनं कारकुनाच्या टेबलावर दोन बोटांनी टकटक केलं.

"साहेब, मान वर करा. मग लिवा."

त्यानं मान वर केली. बघितलं. मग लिहिलेलं खोडलं आणि त्या मेल्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "दोन्ही लिहायचे? पण खाना तर एकच आहे."

"समासात लिही!" मी ओरडलो. "समास कशाला ठेवलाय, गाढवा?"